त्र्याऐंशी दिवसांची धूळ

"अहो! अहो, थांबा! काय करताय तुम्ही?"

मी गच्चीच्या दारातूनच किंचाळले. खांद्यावरची पिशवी धपकन खाली पडली, आतला डबा उलटला असणार, पण डब्याचं कोणाला पडलं होतं! समोर एक उंच माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायाशी निळी बादली, हातात ओलं फडकं. आणि तो अगदी मन लावून, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून, माझं सोलर पॅनेल पुसत होता.

"गुड मॉर्निंग," तो वळून म्हणाला. वर हसलाही. "झालंच बघा. कसं लख्ख निघालंय!"

लख्ख!

थांबा, आधी सांगते, म्हणजे मी वेडी नाही हे तुम्हाला कळेल. मी पर्यायी ऊर्जा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात, दुसऱ्या वर्षाला. माझा थिसिस धुळीवर आहे. हसू नका. ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसलेत, माझी आईसुद्धा. म्हणाली, "घरात कधी फडकं हातात धरलं नाहीस, आणि आता धुळीवर डिग्री घेणार?" तर, गच्चीवर माझी दोन पॅनेल्स. एक मी रोज सकाळी पुसायची. दुसऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही, नव्वद दिवस. रोज बारा वाजता दोन्हींची वीज मोजायची. आणि नव्वदाव्या दिवशी ती साचलेली धूळ सगळी गोळा करून तिचं वजन करायचं. किती ग्रॅम धूळ किती वीज खाते, हे वजनाशिवाय सांगताच येत नाही. त्या वजनासाठी मी त्र्याऐंशी दिवस त्या पॅनेलजवळ शिंकलेसुद्धा नव्हते. कबुतरं हाकलत उन्हात उभी राहिले होते. नाकाचं सालपट निघालं होतं!

आणि हा म्हणतो, लख्ख निघालंय.

"कोणी सांगितलं तुम्हाला पुसायला?"

"कोणी नाही. एक पॅनेल स्वच्छ होतं, एक इतकं घाण… म्हटलं, कोणाला तरी वेळ मिळाला नसेल."

"ती घाण नव्हती! तो माझा प्रयोग होता! त्र्याऐंशी दिवसांचा!"

त्याने पॅनेलकडे पाहिलं. मग हातातल्या फडक्याकडे. हसू हळूहळू उतरलं, आणि चेहरा असा पडला की दुसरं कोणी असतं तर मला दयाच आली असती.

"पण पाटी…"

"आहे ना पाटी! 'हात लावू नये'! डोळे आहेत ना तुम्हाला?"

"ती वायरच्या पेटीवर आहे," तो हळूच म्हणाला. "पेटीला मी हात नाही लावला."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन पावलं पुढे गेले आणि ती निळी बादली लाथेने उडवली. धडाड्‌ करून ती लवंडली, गडगडत कठड्यापर्यंत गेली. तांबूस पाणी फरशीभर पसरलं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून गुळगुळ करत खाली उतरलं.

"अहो, ते…" त्याने हात पुढे केला.

"एक शब्द बोलू नका!"

त्याने बादलीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. तोवर माझे डोळे भरून आले होते. मला राग आला की रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो, हे माझं लहानपणापासूनचं आहे. मी पिशवी उचलली आणि जिना उतरून आले. पिशवीतून डाळ गळत होती.

* * *

"सबमिशनला किती दिवस राहिले?" माझ्या गाइड मॅडमनी विचारलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते.

"एकावन्न."

"विजेचे आकडे त्र्याऐंशी दिवसांचे आहेत. वजन नाही."

"नाही, मॅडम."

"वजनाशिवाय हा अर्धा थिसिस आहे. मुदतवाढ तुला एकदा मिळाली आहे, मीटर उशिरा आलं तेव्हा. पुन्हा मिळणार नाही. पुन्हा सुरू कर. चाळीस दिवस धूळ साचू दे, उरलेल्या अकरा दिवसांत वजन आणि लिखाण. या वेळी चुकलीस तर मात्र वर्ष गेलं."

तोंडचं पाणी पळालं माझ्या. पण तक्रार मी आधीच लिहून आणली होती. रागात माझं अक्षर फार सुंदर येतं. "सदर विद्यार्थ्याने माझ्या प्रयोगाचा संपूर्ण नमुना धुऊन गटारात घालवला." संपूर्ण या शब्दाखाली मी रेघ मारली होती.

तो संशोधक विद्यार्थी निघाला. तीन दिवसांपूर्वीच आमच्या विभागात आलेला, साठवणुकीच्या बॅटऱ्यांवर काम करणारा. विभागप्रमुखांनी तक्रार त्याच्यापुढे सरकवली. खाली त्याने एकच ओळ लिहिली, "पॅनेल मी पुसलं हे खरं आहे," आणि सही केली. ना खुलासा, ना माफी. किती हा उर्मटपणा, असं मला तेव्हा वाटलं.

निकाल असा लागला: माझा प्रयोग संपेपर्यंत त्याला गच्चीवर पाऊल टाकायची बंदी. त्याच्या बॅटऱ्या वर चार्जिंगला ठेवलेल्या, त्या तशाच राहिल्या. आणि मॅडमनी वरून आणखी एक जोडलं. "या वेळी एकही रीडिंग चुकायला नको. तू वर पॅनेलपाशी उभी राहून जोडणी बदल, आणि त्याच क्षणी खाली मीटर वाचायला माणूस हवा. ते काम यांनी करायचं. रोज बारा वाजता, चाळीस दिवस."

"मला यांची मदत नकोय, मॅडम!"

"मदत कोण म्हणालं?" मॅडम म्हणाल्या. "शिक्षा आहे."

कोणाला, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

* * *

आमचं मीटर जिन्याच्या वळणावर, भिंतीतल्या पेटीत. तिथून गच्चीच्या दारापर्यंत बावीस पायऱ्या. तो खाली स्टुलावर, मी वर उन्हात. मध्ये जिना. त्याच्या जवळून चढताना मी मान वळवून घ्यायचे; वर गेल्यावर तर एकमेकांचं तोंड दिसत नाही, हे मला फार बरं वाटलं.

"स्वच्छ पॅनेल!" मी वरून ओरडायची.

"आठ पूर्णांक एक!"

"धुळीचं!"

"आठ पूर्णांक शून्य!"

"नीट बघून सांगा!"

"नीटच बघतोय! अजून धूळ कुठाय त्याच्यावर, परवाच तर मी…"

पहिले काही दिवस एवढंच बोलणं. मी त्याला मनातल्या मनात बादलीवाला म्हणायचे. आमच्या लॅबकाकांनी, म्हणजे तीस वर्षं लॅबच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या काकांनी, ते कसं ओळखलं कोण जाणे. मी जिना चढायला लागले की ते मुद्दाम हाक मारायचे, "जा बाई, बादलीवाला बसलाय वाट बघत." आणि विभागात मला फ्यूज म्हणतात, ते त्याला सांगायचं पुण्यकर्मही त्यांनीच केलं.

सहाव्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. रीडिंग झाल्यावर मी जोडणी पूर्ववत करत होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि एवढ्यात गच्चीच्या दारातून एक हात बाहेर आला. फक्त हात. त्यात एक टोपी.

"हे काय?"

"टोपी."

"ती दिसतेय मला! बंदी आहे ना तुम्हाला?"

"पाऊल टाकायची," दाराआडून आवाज आला. "हाताचं कुठे लिहिलंय?"

मी टोपी घेतली, कारण डोकं खरंच तापलं होतं. थँक्यू वगैरे म्हटलं नाही. ती मला मोठी होत होती, सारखी डोळ्यांवर यायची, तरी रोज घातली.

मग त्या हाताला सवयच लागली. कधी पाण्याची बाटली, कधी पेन, एकदा सोललेलं संत्रं. बोटं लांब होती आणि अंगठ्यावर ॲसिडचा जुना डाग होता. मला त्या माणसाचा चेहरा धड आठवत नव्हता, पण हात गर्दीत ओळखला असता. या गोष्टीचाही मला राग यायचा.

"तुमच्या बॅटऱ्यांचं काय झालं?" मी एकदा विचारलं. सहज. माणुसकी म्हणून.

"वर आहेत. तुम्हीच बघता ना रोज."

"तसं नाही. कामाचं काय?"

"थांबलंय," तो म्हणाला. "तुमच्या पॅनेलांच्या कडेला माझ्या बॅटऱ्यांचा निळा डबा आहे ना, त्याच्यावर ऊन येत असेल दुपारी. जमलं तर… पुठ्ठा ठेवाल?"

मी पुठ्ठा ठेवला. दोन विटाही ठेवल्या, उडू नये म्हणून. हे मी त्याला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "थँक्यू. काका म्हणाले, दोन विटा." काकांच्या पोटात काही राहत नाही.

चौदाव्या दिवशी त्याने आकडा चुकीचा सांगितला. मी ताबडतोब पकडला.

"असा कसा एकदम वाढेल? झोपलात का खाली?"

"सॉरी. पुन्हा बघतो. लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

"तू गुणगुणत होतीस."

'तू' कधीपासून? आणि मी गुणगुणत नाही. मी चिडते.

"मी गुणगुणत नव्हते!"

"बरं. चिडत होतीस, सुरात."

"रीडिंग सांग!" मी ओरडले. आणि मग लक्षात आलं, 'सांगा' म्हणायचं राहूनच गेलं होतं. खालून काही वेळ नुसतं हसू ऐकू आलं, दाबलेलं. मी टोपी डोळ्यांवर ओढली. वर कोणी बघायला नव्हतं तरी ओढली.

त्या रविवारी आईचा फोन आला. "आवाज बदललाय तुझा," ती म्हणाली. "कोणावर चिडलीयेस?"

"मीटर वाचणारा आहे एक. डोक्यात जातो."

"रोज?"

"रोज!"

"असं होय," आई म्हणाली आणि विषय बदलला. मला तिचा तो सूर अजिबात आवडला नाही.

* * *

एकतिसाव्या दिवशी मी लॅबमध्ये बसून थिसिसचं तिसरं प्रकरण लिहीत होते. कार्यपद्धती. धूळ कशी गोळा करायची ते. एकेक पायरी अशी लिहायची, की उद्या दुसऱ्या कोणी वाचून तसंच्या तसं करावं.

"पॅनेल शक्य तितक्या कमी, पण शुद्ध पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे. फडके त्याच पाण्यात पिळावे. धुतलेले सर्व पाणी एका बादलीत गोळा करावे. पाणी आटवून खाली उरलेल्या धुळीचे…"

माझं पेन थांबलं.

धुतलेलं सर्व पाणी. एका बादलीत.

ओलं फडकं, निळी बादली, तांबूस पाणी. त्याने त्र्याऐंशी दिवसांची धूळ पुसली होती, पण घालवली नव्हती. ती होती! त्या बादलीत होती! नळाच्या पाण्याचा क्षार वजा केला असता, फडक्याला लागलेली थोडी सोडली असती, तर वजन मिळालं असतं. सात दिवस कमी, एवढंच. थिसिस त्याच दिवशी वाचला असता.

बादली मी उडवली होती. माझ्या या पायाने.

मी जागेवरून उठले ती तशीच जिन्याकडे. बारा वाजायला वीस मिनिटं होती, पण तो आधीच स्टुलावर येऊन बसला होता. मांडीवर वही, कानामागे पेन. मीटरचं काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर उभी राहिले, जिना मध्ये न ठेवता.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानामागचं पेन काढून वहीत ठेवलं.

"कळलं?"

"कळलं? कळलं म्हणजे? तू वाट बघत होतास?" माझा आवाज जिनाभर घुमला. "बादली पडली तेव्हाच तुला कळलं होतं! बोलला का नाहीस?"

"तूच म्हणालीस, एक शब्द बोलू नका."

"मस्करी करू नकोस! मी तक्रार लिहिली तुझ्यावर! संपूर्ण नमुना गटारात घालवला म्हणून! आणि तू गुपचूप सही केलीस! कोणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? मोठा साधू लागून गेलास!"

"साधू?" तो उभा राहिला. वही खाली पडली. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला चिडलेलं पाहिलं. "साधू नाही मी! मला संताप आला होता, कळतंय? तीन दिवस झाले होते इथे येऊन. चांगलं करायला गेलो आणि विभागभर बदनाम झालो. माझ्या बॅटऱ्या वर उन्हात पडल्यात, मी इथे जिन्यात बसून आकडे ओरडतोय. पुसलं मी, ती चूक माझीच, न विचारता हात लावला. तेवढं लिहून दिलं. पण बादलीचं मी मुद्दामच नाही सांगितलं! म्हटलं, कार्यपद्धती लिहायला बसेल ना, तेव्हा कळू दे तिला. स्वतःच्या हाताने लिहिताना कळू दे! पहिले दहा दिवस मी इथे बसून त्या दिवसाचीच वाट बघत होतो."

खालच्या वळणावर लॅबकाकांचं डोकं डोकावलं आणि लगेच नाहीसं झालं.

"आणि मग?" माझा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मग काय…" तो पुन्हा स्टुलावर बसला. "तू पायऱ्या चढताना स्वतःशीच भांडतेस. मॅडमशी, कबुतरांशी, मीटरशी. ते ऐकायला मी पावणेबाराच्या आधी येऊन बसायला लागलो. आणि मला वाटायला लागलं, हिला कधी कळूच नये."

"का?"

"रडशील म्हणून."

"मी रडत नाहीये!"

"नाही ना. दिसतंय," तो म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून पुढे केला. तोच हात, अंगठ्यावर तोच डाग. मी रुमाल हिसकावून घेतला.

मला सगळ्यांचा राग आला होता. त्याचा, कारण त्याने लपवलं. माझा तर विचारूच नका. आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते काय हे कळत असूनही मी कळू देत नव्हते. बारा वाजले. मी नाक पुसलं, टोपी घातली आणि बावीस पायऱ्या चढून वर गेले.

"स्वच्छ पॅनेल!" मी ओरडले.

"आठ पूर्णांक दोन," खालून आलं. हळू आवाजात, पण मला ऐकू आलं.

* * *

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना दुसरं पत्र लिहिलं. या वेळी अक्षर वाकडंतिकडं आलं. "नमुना बादलीत सुरक्षित होता. तो मी स्वतः रागाच्या भरात लवंडला. आधीची तक्रार चुकीची होती, ती मी मागे घेते."

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "हे दिलंस तर कागदोपत्री राहील. परीक्षकसुद्धा वाचतील. तोंडी परीक्षेत विचारतील."

"विचारू देत."

"काय उत्तर देशील?"

"मला राग आला होता, असं."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. हसल्या असं मी शपथेवर सांगणार नाही. "थिसिसमध्येही लिही," त्या म्हणाल्या. "मर्यादा या मथळ्याखाली."

बंदी त्याच दुपारी उठली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी वर गेले, आणि दाराकडे बघत राहिले. तो आला नाही. मी जिन्यात वाकून पाहिलं. बादलीवाला आपल्या स्टुलावर.

"बंदी उठली तुझी!"

"माहितीय. सकाळीच बॅटऱ्या बघून आलो. दोनाच्या चार विटा झाल्यात."

"मग इथे का बसलायस?"

"मीटर इथे आहे," तो म्हणाला.

* * *

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी एकला त्याचा फोन आला. पहिलाच.

"खिडकीबाहेर बघ. पश्चिमेला."

मी पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. या दिवसांत कधी नसतो तो ढग, काळाकुट्ट, इमारतीच्या डोक्यावर चालून येत होता. एक सर पुरेशी होती. माझी एकोणचाळीस दिवसांची धूळ पाच मिनिटांत धुऊन निघाली असती, आणि बादलीला लाथ मारायचीही गरज पडली नसती.

"आजच धुवायचं," मी म्हणाले.

"मी शुद्ध पाण्याचा कॅन घेऊन जिन्यात आहे. तू ये."

वर वारा सुटला होता. टोपी उडाली, तिकडे मी बघितलंही नाही. पॅनेलवर धुळीचा मऊ पिवळट थर होता. मी फडकं पिळून वरच्या कडेपासून सुरुवात केली. तो गुडघे टेकून बसला, दोन्ही हातांनी बादली पॅनेलच्या खालच्या कडेला लावून. तीच निळी. तिला एका बाजूला पोचा आला होता.

"बादली मी धरते, तू पूस," मी म्हणाले.

"नको."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या पायावर नाही."

"हे तू आयुष्यभर ऐकवणार आहेस का मला?"

'आयुष्यभर' हा शब्द तोंडातून निघून गेला होता, आता परत घेता येत नव्हता. माझे कान तापले. मी खाली मान घालून पुसत राहिले. फडकं पिळताना माझी बोटं त्याच्या मनगटाला लागत होती, आणि आम्ही दोघंही ते लागत नसल्यासारखं करत होतो.

शेवटचा कोपरा राहिला होता. टप्‌ करून एक थेंब माझ्या मानेवर पडला.

"लवकर!"

"करतेय ना! ओरडू नकोस!"

"मी ओरडत नाहीये!"

"ओरडतोयस!"

कोपरा झाला. फडकं बादलीत, वर झाकण, आणि दोघांनी मिळून कडी धरली. जिन्यात शिरलो आणि मागे सर कोसळली, दार धाडकन आपटलं. एकेक पायरी, हळू, बादली जराही हिंदकळू न देता. बावीस पायऱ्या. वळणावर येऊन आम्ही ती स्टुलाशेजारी ठेवली, आणि तिच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून धापा टाकत बसलो.

ती धूळ नऊ ग्रॅमच्या थोडी वर भरली, थिसिस वेळेवर गेला, परीक्षकांनी बादलीबद्दल विचारलंच, हे सगळं नंतरचं. तेव्हा फक्त पाऊस वाजत होता आणि त्याचे ओले केस कपाळाला चिकटले होते. तो झाकणाकडे बघून हसत होता.

"झालं," तो म्हणाला. "सुटलीस."

आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की काय सांगू.

"हसू नकोस!"

"आता काय झालं?"

"चिडलेय मी."

"कोणावर? पावसावर?"

"तुझ्यावर! चाळीस दिवस म्हणाल्या होत्या मॅडम. एकोणचाळीसच झाले. उद्या रीडिंग नाही. परवाही नाही." डोळे भरून आले, नेहमीसारखे. "उद्या बारा वाजता मी काय करू? कोणावर ओरडू?"

तो हसायचा थांबला. बादलीवरून हात पुढे आला, लांब बोटं, अंगठ्यावर डाग. या वेळी त्यात टोपी नव्हती, बाटली नव्हती, काही नव्हतं. रिकामाच हात.

"माझ्यावर," तो म्हणाला. "उद्या बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लावतोय. वर कोणीतरी हवंय, खाली कोणीतरी हवंय. रोज बारा वाजता."

"किती दिवस?"

"ते मी ठरवलं नाही. तू मघाशी एक आकडा म्हणालीस ना वर… मला चालेल."

मी हात धरला. घट्ट धरला, राग होताच तेवढा.

"आणि अजून एक," मी म्हणाले. "माझ्यापासून काही लपवायचं नाही. मी कितीही म्हटलं, एक शब्द बोलू नका, तरी बोलायचं."

"बोलू?"

"बोल."

"तुझा पाय," तो अगदी हळू म्हणाला, "बादलीला लागतोय."

मी पाय झटकन मागे घेतला.